डावी नळी

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७. बारामती

काल डॉक्टरीणबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या वेळी, मेघनाच्या पोटात दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला? रविंद्र म्हणाला चार तास. मेघना म्हणाली रात्रभर. मी म्हणाले दुपारपासून. तिघांची तीन उत्तरं, आणि त्या वेळी तिची उजवी गर्भनळी फुटून गेली होती. मला लाज वाटली. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आणि घरातली एवढी मोठी गोष्ट कोणी टिपून ठेवली नाही. म्हणून आजपासून ही वही. डॉक्टरांसाठी वेगळा तक्ता आखला आहे: नाडी, ताप, दुखणं, रक्तस्राव. ही वही माझी. कोणाला दाखवायची नाही.

वस्तुस्थिती अशी. मेघना माझी सून, मुलगा रविंद्रची बायको, वय सत्तावीस, एमआयडीसीतल्या डेअरीत दूध तपासायच्या कामावर. लग्नाला पाच वर्षं झाली. आता पुन्हा दिवस गेले आणि गर्भ पुन्हा नळीतच राहिला, या वेळी डाव्या. सहा आठवडे झालेत. लवकर कळलं, कारण पाळी चार दिवस पुढे गेल्याचं कळताच मी इंदापूरहून आले आणि तिला सोनोग्राफीला नेलं. ती म्हणत होती आणखी आठवडाभर थांबू. मी थांबू दिलं नाही.

असा गर्भ जगत नाही. तो कसा काढायचा एवढाच प्रश्न. डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळी काढून समजावलं. नुसतं लक्ष ठेवता येतं, पण रक्तातला बीटाचा आकडा, गर्भ वाढतोय की विरतोय ते सांगणारा, चढता आहे, म्हणून तसं करता येत नाही. पोट उघडता येतं, पण त्यात नळी जाऊ शकते. तिसरा मार्ग इंजेक्शनचा. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध, मूळचं कॅन्सरचं. ते वाढत्या पेशींना मारतं. गर्भ आतल्या आत विरतो, नळी शाबूत राहते. त्यांनी मुंबईला असताना चाळीसेक बायकांना दिलं आहे. बारामतीत पहिलीच वेळ.

"दहातल्या नऊजणींना लागू पडतं," त्या म्हणाल्या.

"आणि दहावी?"

"दहावीचं पोट उघडावं लागतं."

ही एकच नळी उरली आहे. ती गेली तर मेघनाला मूल होणार नाही. हे तिघांनाही ठाऊक आहे. रविंद्र घड्याळाकडे बघत होता.

रविंद्रनं पुण्याहून औषध आणलं. उंची आणि वजनावरून सत्तर मिलिग्रॅम ठरलं, आज सकाळी अकराला कमरेत दिलं. आजचा बीटा १८४०. चौथ्या दिवशी थोडा चढला तर घाबरायचं नाही. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत पंधरा टक्के तरी उतरला पाहिजे.

पथ्य: ऊन नाही, दुखण्याची गोळी नाही, पोट दाबून बघायचं नाही, नवराबायकोनं लांब राहायचं, तीन महिने गर्भ राहू द्यायचा नाही. टॉनिक बंद. "फॉलिक असलेलं काही नको, हे औषध त्याच्याच विरुद्ध काम करतं," असं म्हणाल्या. घरी आल्याबरोबर टॉनिकची बाटली मी मोरीत ओतली.

मेघनाचं हिमोग्लोबिन ९.२. मी विचारलं, याचं काय? "नंतर बघू," म्हणाल्या. नंतर म्हणजे कधी? उद्या नळी फुटली तर रक्त जाणार, आणि अंगात रक्तच कमी. माझ्याकडे शाळेतल्या लोहाच्या गोळ्या आहेत, आरोग्य केंद्रातून सुट्या यायच्या त्या. इंदापूरला वीस वर्षं मी मुलींना त्या दिल्या. एकेकीला ओळीत उभं करून, समोर गिळायला लावून, "आ कर" म्हणून तोंड तपासून. पांढऱ्या ओठांच्या मुली वर्षभरात लाल व्हायच्या. आज संध्याकाळी मेघनाला पहिली दिली.

"आई, ही चालेल का? डॉक्टर काहीतरी म्हणत होत्या..."

"त्या टॉनिकबद्दल म्हणत होत्या. हे लोह आहे. आ कर."

तिनं तोंड उघडलं. गुणी मुलगी आहे, वाद घालत नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

मळमळ. तोंड आलंय. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. ताप नाही, नाडी ८४.

रविंद्रच्या घरमालकीणबाई, प्रयागबाई, वाटीत कढी घेऊन आल्या. यांची काटेवाडीला ऊसशेती, इथं पुढच्या दोन खोल्या रविंद्रला भाड्यानं दिल्यात. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"पोरीला काय झालंय वो बाई?"

"अशक्तपणा."

"अशक्तपणाला सुट्टी टाकून निजत्यात व्हय? आमी सात बाळंतपणं केली उसाच्या फडात."

"तुम्ही केलीत म्हणून सगळ्यांनी करावीत असं नाही."

"तसं न्हाय म्हनत मी. कढी ठेवते. आंबट हाय, तोंडाला चव यील."

कढी चांगली होती. मेघनानं अर्धी वाटी घेतली. गोळी साडेसातला.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चौथा दिवस. सिस्टरनं घरी येऊन रक्त काढलं. सिस्टर म्हणजे करुणा, माझीच विद्यार्थिनी, इंदापूरच्या शाळेतली. मला पाहून पायाच पडली. मी म्हटलं, हात धू आधी.

रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासात घालून रविंद्र पहिल्या एसटीनं पुण्याला गेला. आकडा संध्याकाळी फोनवर कळला, प्रयागबाईंच्या घरी फोन आहे. २२६०. चढला आहे. हे अपेक्षित होतं. तरीही मेघना ऐकून भिंतीकडे वळली.

"अपेक्षित आहे," मी म्हटलं.

"हो आई."

"मग?"

"काही नाही."

काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं मला काय करायचं ते कळत नाही. शाळेतही कळायचं नाही.


शनिवार, २२ नोव्हेंबर

पोटात खालच्या बाजूला दुखतंय, तिसऱ्या ते सातव्या दिवसात दुखतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी दर अर्ध्या तासानं नाडी बघितली. एकदा ती म्हणाली, "आई, थोडा वेळ मी एकटी पडू का?" मी बाहेर जाऊन बसले आणि दारातून लक्ष ठेवलं.

प्रयागबाई अंगणात आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. पोरीला क्यानसर झालाय म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"दवाखान्यातला कंपाउंडर आमच्या आप्पांना सांगत हुता, क्यानसरचं इंजेक्शन दिलं म्हून."

"औषध कॅन्सरचं आहे, रोग कॅन्सरचा नाही."

"आसं कसं? सर्दीचं औषिद कुनी खोकल्याला देतं का?"

"देतात."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मंग तिच्या हातची भाकरी खाल्ली तर चालतीय न्हवं?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. पाच मिनिटं उभ्यानं समजावलं. सगळं ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तरी बी तुमी तिचं भांडं वायलं ठेवा." हे मी आत सांगितलं नाही. पण भिंती पातळ आहेत. संध्याकाळी मेघनानं स्वतःच आपलं ताट-वाटी वेगळी घासून वेगळी मांडली होती. मी ती उचलून सगळ्यांच्यात टाकली.


सोमवार, २४ नोव्हेंबर

सातवा दिवस. तपासायला रक्त पुण्याला गेलं. पंधरा टक्के म्हणजे १९२० च्या खाली यायला हवं. सकाळपासून हा आकडा मनात आहे. मेघनाला वाचायला पुस्तक दिलं. तिनं उलटं धरलं नव्हतं, पण पानही उलटलं नाही.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

२१७०.

उतार चार टक्के. पुरेसा नाही.

रविंद्रनं फोन ठेवला आणि मोटारसायकल काढून निघून गेला. दोन तासांनी आला. कुठे गेला होतास, विचारलं, तर म्हणाला, "कारखान्याच्या गेटपर्यंत." आज त्याची पाळी नव्हती. नवरा घरात हवा असतो अशा वेळी. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू आहेस ना." हे कौतुक नव्हतं एवढं मला कळलं.


बुधवार, २६ नोव्हेंबर

दुसरं इंजेक्शन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याच जणींना दुसरा डोस लागतो. मला त्या थोड्या काळजीत वाटल्या, कारण एरवी त्या कागदावर चित्र काढतात, आज काढलं नाही.

हिमोग्लोबिन ९.०. घसरतंय. औषधच रक्त खातंय, असं मला वाटतं. आजपासून दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. मेघनाच्या तोंडात फोड आहेत, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. पण गिळते. मी समोर उभी असते.

तिच्या आईला, मालनबाईंना, मोरगावला कळवायचं का असं रविंद्रनं विचारलं. मी नको म्हटलं. त्यांच्या चार शेळ्या आणि बाजरीची मळणी, आणि येऊन रडणार. रडणारं माणूस घरात नको.


शनिवार, २९ नोव्हेंबर

नाडी ८८. ताप नाही. थोडा रक्तस्राव. तक्त्यात नोंदलं.

दुपारी मेघना अचानक बोलली. छताकडे बघत. "आई, पहिल्या वेळी ना, मी दुपारीच सांगणार होते दुखतंय म्हणून."

"मग?"

"तुम्ही शाळेतून परीक्षेचे पेपर आणले होते तपासायला. म्हटलं, तुमचे होऊ देत."

मी पेपर दुसऱ्या दिवशीही तपासले असते. ती बोलली असती तर. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस गप्प का बसतं, मला खरंच समजत नाही. तिला तसं सांगितलं. ती "हो" म्हणाली.


बुधवार, ३ डिसेंबर

हे लिहायला बसायला मला दोन तास लागले. क्रमानं लिहिते.

सकाळी करुणा रक्त घ्यायला आली. मेघनाला टोचून झालं, ती आत झोपली. करुणा चहाला स्वयंपाकघरात आली. फळीवर गोळ्यांची कागदी पुडी उघडी होती. करुणा हसायलाच लागली.

"बाई, अजून त्याच गोळ्या! मी एकदा जिभेखाली धरून ठेवली होती, आठवतं? अख्खी दुपार वर्गाबाहेर उभं केलंत."

"मग नंतर कधी धरलीस का?"

"छे! माझी काय टाप होती!" तिनं एक गोळी उचलून बोटांत फिरवली. "कुणाला देताय?"

"मेघनाला. हिमोग्लोबिन कमी आहे."

ती हसायची थांबली. तिनं आतल्या दाराकडे बघितलं आणि ते ओढून घेतलं.

"बाई, ह्यात फॉलिक असतं."

"ह्या लोहाच्या आहेत."

"लोह आणि फॉलिक, दोन्ही. डब्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला शाळेत पुडीत सुट्या यायच्या, म्हणून..." तिनं गोळी पुडीत परत ठेवली. "किती दिवस देताय?"

मी सांगितलं. इंजेक्शनच्या दिवसापासून. आठ दिवस एक, आजची सकाळची धरून पुढे दोन-दोन. एकूण तेवीस.

करुणाचा चहा तसाच राहिला. "मी सांगू का डॉक्टरांना?"

"नको. मी सांगेन. माझं काम आहे."

"बाई, आजच सांगा."

"सांगितलं ना, सांगेन म्हणून."

तिनं मान खाली घातली, शाळेत घालायची तशी, आणि थर्मास घेऊन गेली.

गोळ्या जाळल्या. मग दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई प्रसूतीत अडकल्या होत्या. बाकावर तासभर बसले. आतून बाई ओरडत होती, मग मूल रडलं. कंपाउंडर म्हणाला, उशीर होईल, उद्या या. मी उठले. उठताना मला बरं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते. सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मेघनानं विचारलं, "आज गोळी नाही?"

"नाही. पुरे झाल्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ.


शुक्रवार, ५ डिसेंबर

आकडा २१२०. तिथंच आहे, ना वर ना खाली.

सगळे डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. मेघना, रविंद्र, मी. करुणा कोपऱ्यात ट्रे घेऊन उभी. काल मी गेलेच नव्हते. काल कपडे धुतले.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन डोस होऊन असं सहसा होत नाही. हिनं काही घेतलंय का? टॉनिक, व्हिटॅमिन वगैरे?"

हा प्रश्न मला होता. माझ्याकडे बघूनच विचारला. मेघनाही माझ्याकडे बघत होती. रविंद्रही.

मी म्हणाले, "टॉनिक पहिल्या दिवसापासून बंद आहे."

यातलं एकही अक्षर खोटं नाही. मी पस्तीस वर्षं मुलींना सांगत आले की अर्धं सांगणारी मुलगी खोटं बोलणारीपेक्षा वाईट. करुणाच्या ट्रेमधली कात्री वाजली. ती काही बोलली नाही. ती कशी बोलेल? तिला मीच घडवलं आहे.

डॉक्टरांनी मागचे आकडे पुन्हा बघितले. "काहींना उशिरा उतार पडतो. औषधाला आणखी दोन-तीन दिवस देऊ. सोमवारी परत रक्त. तेव्हाही नाही उतरला तर पोट उघडून नळीला छोटी चीर देऊ, गर्भ तेवढा काढू. फुटली नाही तोवर नळी वाचवता येते."

सोमवारी रक्त घेण्यापूर्वी सांगायचं, असं मी ठरवलं आहे. सोमवारी नक्की.


शनिवार, ६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. सकाळी सहाला पांढरी साडी नेसून बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मेघना उठून आली. पडून राहा म्हटलं तर म्हणाली, आजच्या दिवशी नको. तिनंही लावली. लावताना म्हणाली, "आई, उजवा खांदा दुखतोय."

"रात्रभर एका कुशीवर झोपलीस म्हणून."

मी उशी बदलून दिली. तक्त्यात खांद्याचा रकाना नव्हता.

सात वाजून दहा मिनिटांनी ती मोरीत पडली. आवाज ऐकून गेले तर ओठ पांढरे, अंग गार, नाडी सापडेना. रविंद्र पाळीवर गेला होता. मी प्रयागबाईंना हाक मारली. आयुष्यात मी कधी अशी हाक मारलेली नाही. त्यांच्या घरच्या आप्पांची दुधाची जीप निघायच्या बेतात होती. त्यांनी कॅन रस्त्यावर उतरवले, तशाच. प्रयागबाईंनी मेघनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर "पोरी, बग हिकडं, हिकडं बग" एवढंच म्हणत होत्या. त्या दिवशी भांडं वेगळं ठेवा म्हणालेल्या बाईच्या लुगड्यावर मेघनाला ओकारी झाली, आणि त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि एकच विचारलं, "खांदा दुखला होता?"

मी हो म्हटलं.

"आत रक्त साठलं की खांदा दुखतो. रक्त हवं, तीन बाटल्या."

रविंद्रच्या कारखान्यातली माणसं मोटारसायकलींवरून आली, एकामागून एक, कामाच्या कपड्यांत. पाचजणांचं रक्त जुळलं. एकानं रक्त देऊन झाल्यावर विचारलं, "वहिनी कशा हायेत?"

साडेदहाला डॉक्टर बाहेर आल्या. इथे रीत आहे की काढलेली गोष्ट नातेवाइकांना दाखवतात. रविंद्र भिंतीला धरून उभा होता. मी गेले. स्टीलच्या वाटीत होती. करंगळीएवढी, मधे फाटलेली.

मेघना जिवंत आहे.


रविवार, ७ डिसेंबर

डॉक्टरीणबाई बेसिनवर हात धूत होत्या. मी मागे उभी राहून सगळं सांगितलं. तेवीस गोळ्या, कधीपासून, कशा. करुणानं सांगायला बजावलं होतं आणि मीच तिला गप्प केलं, हेही.

त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्यामुळेच झालं असं खात्रीनं सांगता येणार नाही. काहींना औषध लागू पडतच नाही. तुमची सून त्यांतली असेल."

"किंवा नसेल."

"किंवा नसेल."

"शुक्रवारी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी नळ बंद केला. "मी औषधाच्या भरवशावर थांबले होते. औषध अडलंय हे माहीत असतं तर थांबले नसते. शुक्रवारीच उघडलं असतं." मग त्यांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा नळी फुटलेली नव्हती."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.


बुधवार, १० डिसेंबर

मालनबाई मोरगावहून आल्या आहेत. रविंद्रनं मला न विचारता कळवलं. रडल्या नाहीत. मुलीच्या उशाशी बसून आहेत, केसांतून हात फिरवतात. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, तरी माझ्याशी कमी बोलतात.

त्या चहाला गेल्यावर मी मेघनाला सांगितलं. खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं. कारणं दिली नाहीत.

सलाईनच्या थेंबांकडे बघत ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवशी शंका होती. डेअरीतही त्या गोळ्या वाटतात, डबा बघितलाय मी. गोळ्या बंद केल्यात तेव्हा नक्की कळलं."

"मग बोलली का नाहीस? शुक्रवारी, डॉक्टरांसमोर?"

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, आई. तुम्ही 'आ कर' म्हणालात."

आवाजात राग नव्हता. मी तिथे बसले, मालनबाई परत येईपर्यंत. तेवढ्यात तिनं एकच विचारलं, "तुम्ही बघितलीत ना? केवढी होती?"

"करंगळीएवढी."

तिनं पांघरुणाखाली आपली करंगळी दुसऱ्या हातात धरली. मला ते दिसू नये असं तिला वाटत होतं, पण दिसलं.


शनिवार, १३ डिसेंबर

टाके काढले. डॉक्टर म्हणाल्या, मुंबईला बाहेर गर्भ तयार करून पिशवीत ठेवतात, तो एक मार्ग आहे, पुढे कधी विचार करा. मेघनानं मान दुसरीकडे वळवली. रविंद्रनं कुठे, कसं, असं एकही विचारलं नाही.

काढलेली नळी तपासायला पुण्याला पाठवायची आहे. नातेवाइकांनीच न्यायची असते. रविंद्रनं बरणीला हात लावायला नकार दिला. आठवडाभर ती दवाखान्याच्या फळीवर आहे. मी नेणार.

घरी येताना रविंद्र म्हणाला, "आई, तू पुण्याहून परस्पर इंदापूरला जा." त्याला मेघनानं सांगितलंय की डॉक्टरांनी, ठाऊक नाही. मी विचारलं नाही. सामान आवरलं. दोन साड्या, चष्मा, नाडी बघायचं घड्याळ.


सोमवार, १५ डिसेंबर. पुणे, स्वारगेटच्या बाकावर

सकाळची बारामती-पुणे गाडी मोरगाववरून जाते. त्याच गाडीनं मेघना आईबरोबर माहेरी निघाली. तिघी एका बाकावर. मालनबाई खिडकीशी, मेघना मधे, मी कडेला, मांडीवर कापडी पिशवी.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मेघना पोटावर हात दाबायची. मी काही बोलले नाही. सांभाळून बस, असंही नाही.

बारामती मागे पडल्यावर तिनं विचारलं, "पिशवीत तेच आहे?"

"हो."

थोड्या वेळानं तिनं हात पिशवीवर ठेवला. माझ्या हातावर नाही, पिशवीवर. मोरगावपर्यंत ठेवला होता.

स्टँडवर मी खाली उतरले. मालनबाईंच्या हातात दवाखान्याची फाईल दिली, कपड्यांची पिशवी दिली, आठ दिवसांनी दाखवायला न्यायची तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "बाई, आता ऱ्हाऊ द्या तिला आमच्याकडं. कवा यायचं ते तिची ती सांगंल." मी म्हटलं, बरं. मेघनानं वाकून पाया पडायचा प्रयत्न केला, पोटावरची जखम ओढल्यामुळे वाकता येईना. मी तिचे खांदे धरून सरळ उभं केलं. कंडक्टरनं घंटी मारली. मला तिला काही सांगायचं होतं, ते जमलं नाही. "जय भीम" म्हटलं. ती "जय भीम, आई" म्हणाली.

दुपारी पावणेदोन. लॅबोरेटरीच्या खिडकीत दिलं ते असं:

काचेची बरणी एक, झाकणाला चिकटपट्टी, आत औषधाच्या पाण्यात डावी गर्भनलिका.
डॉक्टरांचं पत्र एक.
नाव: सौ. मेघना रविंद्र ओव्हाळ. वय: सत्तावीस. अपत्ये: कारकुनानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं आडवी रेघ मारली.
नमुना आणणाऱ्याचं नातं: सासू. सही केली.
रिपोर्ट सोमवारी, २२ तारखेला, चारनंतर. बरणी परत मिळत नाही, असं त्यानं न विचारता सांगितलं.